जांभळ्या झाकणाची नळी आणि तांब्याचा तांब्या

बेळगावात, निपाणीत, खानापुरात कुठल्याही भांड्यांच्या दुकानात आज तांब्याची बाटली मिळते आणि ती दाखवताना ‘शुगरवाल्यांना चांगली’ हे वाक्य जोडलं जातं. औषधांच्या दुकानात झिंकच्या गोळ्याही याच शिफारशीवर खपतात. आता तपासण्यांच्या पॅकेजमध्ये ‘मिनरल प्रोफाइल’ आलं आहे: तांबं, जस्त, लोह, सेलेनियम, एका पानावर आठ-दहा आकडे. मधुमेही माणसाच्या अंगात धातू कमी पडतात, ते भरून काढले की साखर उतरते, असा या सगळ्यामागचा समज. तो निव्वळ थापेवर उभा असता तर दुर्लक्ष करता आलं असतं. पण त्यात अर्धं खरं आहे. मधुमेहात रक्तातल्या धातूंचा हिशेब बिघडतो, आणि त्याचं एक मोठं कारण म्हणजे धातू धरून ठेवणाऱ्या प्रथिनांवर साखर चिकटते. धरणाऱ्याचा हातच बिघडला असेल, तर त्या हातात आणखी माल देऊन काय साधणार?

म्हणून मागणी साधी आहे. सीमाभागातल्या सरकारी दवाखान्यांनी, शिबिरं भरवणाऱ्या मंडळांनी आणि खासगी लॅबवाल्यांनी एचबीए१सीचा, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा, आकडा एकटा देणं बंद करावं. त्याच नळीतल्या रक्तातून हिमोग्लोबिन आणि लाल पेशींचा आकार काढावा, जोडीला लघवीतलं अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन) पाहावं आणि या सगळ्याचा अर्थ मराठीत आणि कन्नडमध्ये दोन ओळींत लिहून द्यावा. मिनरल प्रोफाइलवर जाणारा पैसा इकडे वळवला, तर माणसांचे डोळे, पाय आणि मूत्रपिंडं वाचतील.

आधी रसायन पाहू, कारण सगळं त्यावरच उभं आहे.

कुंदा कसा होतो ते बेळगावकराला सांगायला नको. दूध आटवत आणायचं, साखर घालायची, मंद आचेवर परतत राहायचं; पांढरं दूध आधी बदामी आणि मग तपकिरी होतं, खमंग वास सुटतो. त्या रंगात थोडा वाटा करपणाऱ्या साखरेचा, पण बराचसा दुधातल्या प्रथिनांना साखर जोडली गेल्याचा. लुई कामिय मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये ही अभिक्रिया मांडली. कढईत ती बघता बघता उरकते. रक्तात आच ३७ अंशांचीच, म्हणून तीच गोष्ट दिवसांच्या आणि आठवड्यांच्या चालीने चालते. तिला कुठल्याही एन्झाइमची मदत लागत नाही. रक्तात साखर जितकी जास्त आणि प्रथिन जितके दिवस फिरणार, तितकं हे चिकटणं वाढतं.

पायऱ्या अशा. ग्लुकोजच्या रेणूचं कडं उघडलं की त्याचं टोक प्रथिनाच्या अमिनो गटाला पकडतं. ही पहिली गाठ कच्ची असते. रक्तातली साखर उतरली तर ती सुटतेसुद्धा. मग आतल्या आत अणूंची फेररचना होऊन पक्की गाठ बसते, तिला अमाडोरी संयुग म्हणतात. तिथून मागे फिरणं जवळजवळ नाहीच. जी प्रथिनं वर्षानुवर्षं बदलली जात नाहीत, म्हणजे डोळ्याच्या भिंगातली किंवा धमन्यांच्या भिंतीतलं कोलॅजेन, तिथे ही गोष्ट आणखी पुढे जाते. प्रथिनांच्या दोऱ्या एकमेकींना आडव्या टाक्यांनी शिवल्या जातात, रंग तपकिरी होतो, लवचिकपणा जातो.

हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीतलं पहिलं अमिनो आम्ल व्हॅलिन. त्यावर बसलेली साखर मोजली की एचबीए१सी मिळतं. लाल पेशी साधारण १२० दिवस जगते, म्हणून हा आकडा मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगतो: ६ टक्के म्हणजे सरासरी डेसिलिटरला १२६ मिलिग्रॅम साखर, ७ टक्के म्हणजे १५४, ८ टक्के म्हणजे १८३. एवढं बऱ्याच रुग्णांना ठाऊक असतं. ज्याची चर्चा होत नाही ते म्हणजे अल्ब्युमिन. यकृतात तयार होणारं ५८५ अमिनो आम्लांचं हे प्रथिन रक्तद्रवातल्या एकूण प्रथिनांपैकी निम्म्याहून जास्त भरतं. डेसिलिटरला साडेतीन ते पाच ग्रॅम. त्यात ५९ लायसीन आहेत आणि प्रत्येक लायसीनच्या टोकाला साखरेला आमंत्रण देणारा अमिनो गट आहे. ५२५ क्रमांकाच्या लायसीनवर साखर सगळ्यात जास्त बसते. निरोगी माणसाच्याही काही अल्ब्युमिनवर साखर असतेच. मधुमेहात हे प्रमाण दुप्पट-तिप्पट होऊ शकतं. अल्ब्युमिनचं अर्धायुष्य जेमतेम तीन आठवड्यांचं, त्यामुळे साखर चिकटलेल्या अल्ब्युमिनची चाचणी मागच्या दोन-तीन आठवड्यांचं चित्र दाखवते.

हेच अल्ब्युमिन धातूंचा हमाल आहे. रक्तद्रवातल्या जस्ताचा सुमारे तीन-चतुर्थांश किंवा थोडा जास्त भाग त्याच्या अंगावर असतो. तांब्याचा बहुतांश भाग सेरुलोप्लाझ्मिन या दुसऱ्या प्रथिनात पक्का बसवलेला, एका रेणूत सहा अणू. उरलेल्यातला मोठा वाटा पुन्हा अल्ब्युमिनकडे. लोहाची वाहतूक ट्रान्सफेरिन करतं, एका रेणूवर लोहाचे दोन अणू. अल्ब्युमिनवर तांब्याची जागा अगदी सुरुवातीच्या टोकाला आहे: अ‍ॅस्पार्टेट, अ‍ॅलनिन, हिस्टिडिन. टोकाचा मोकळा अमिनो गट, मधले दोन नायट्रोजन आणि हिस्टिडिनचं कडं, असे चार हात तांब्याच्या अणूला चौकोनात धरतात. यातला पहिला हात कोणता ते पाहा: मोकळा अमिनो गट, म्हणजे साखरेला हवा असतो तोच. जस्ताची जागा वेगळी, रेणूच्या दोन भागांच्या सांध्यात. दोन हिस्टिडिन, एक अ‍ॅस्परजिन आणि एक अ‍ॅस्पार्टेट मिळून जस्त धरतात. प्रथिनाची घडी थोडी जरी सरकली, तरी सांध्यातली ही पकड सैल पडते.

आणि ती सरकते. जस्ताच्या बाबतीत साखरेच्या जोडीला आणखी एक कारण आहे. टाइप टू मधुमेहात रक्तातली मोकळी मेदाम्लं वाढतात, अल्ब्युमिन तीही वाहून नेतं, आणि एक मेदाम्ल नेमकं त्या सांध्याजवळ शिरून दोन्ही भागांना एकमेकांपासून हलवतं. जस्ताची जागा तिथेच मोडते. साखरेबद्दल प्रयोगशाळांतून दोन दिशांचे निष्कर्ष आले आहेत आणि दोन्ही लक्षात ठेवावेत. काही प्रयोगांत साखर चिकटलेल्या प्रथिनाची धातूवरची मूळ पकड ढिली झालेली दिसली. काहींत उलट असं दिसलं की साखर चिकटलेलं प्रथिन तांबं आणि लोह जास्तच गोळा करतं, पण ते नव्या, चुकीच्या जागी. वरवर विसंगत वाटणाऱ्या या दोन गोष्टी एकत्र नांदू शकतात. मूळ जागेवरचा धातू शांत असतो, चारही बाजूंनी झाकलेला. नव्या चिकट जागेवरचा धातू अर्धा उघडा असतो आणि तो रासायनिक कामाला लागतो: हायड्रोजन पेरॉक्साइड फोडून हायड्रॉक्सिल रॅडिकल तयार करतो. शरीरात तयार होणाऱ्या कणांपैकी सगळ्यात विध्वंसक कणांत त्याची गणना होते. ट्रान्सफेरिनवर साखर चढवली की त्याची लोह धरण्याची क्षमता घटते, हेही नळीतल्या प्रयोगांत दिसलेलं आहे. सेरुलोप्लाझ्मिनवर चढवली तर ते तुटतं आणि त्यातलं तांबं सुटतं.

म्हणजे मधुमेहात प्रश्न धातू किती आहे याचा कमी आणि तो कुणाच्या हातात, कसा आहे याचा जास्त. याचा पुरावा रुग्णांच्या रक्तातही मिळतो. मधुमेहींच्या रक्तात जस्त कमी सापडतं, तांबं मात्र बहुतेकदा निरोग्यांपेक्षा जास्त. ज्याच्या रक्तात तांबं आधीच चढं आहे, त्याला तांब्याचं पाणी औषध म्हणून सुचवायचं, हे कुठल्या तर्काने? जस्त कमी दिसतं त्याचं एक कारण म्हणजे ते लघवीवाटे जास्त वाहून जातं. ती गळती थांबवायची तर मुळात साखर आटोक्यात यावी लागते. फुटक्या घागरीत वरून पाणी ओतून भागत नाही.

तांबं-जस्त देण्याच्या बरोबर उलट उपाय सुचवणारेही आहेत: शिरेतून ईडीटीए हे धातू पकडणारं रसायन देऊन धातू बाहेर काढायचे, म्हणजे कीलेशन. या प्रश्नाचं उत्तर मोठ्या चाचण्यांनी दिलेलं आहे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या चाचणीत हृदयविकाराचा झटका येऊन गेलेले १,७०८ रुग्ण होते. त्यांतल्या ६३३ मधुमेहींना फायदा झाल्यासारखं दिसलं आणि मोठी आशा निर्माण झाली. म्हणून फक्त मधुमेही आणि झटका येऊन गेलेले सुमारे हजार रुग्ण घेऊन दुसरी चाचणी केली गेली. तिचा निकाल २०२४ मध्ये आला. ४० सलाइनी देऊन रक्तातलं शिसं ६१ टक्क्यांनी घटलं, पण झटके, मृत्यू, पक्षाघात यांत फरक पडला नाही. धातू भरून उपयोग नाही, तसा उपसूनही नाही, जोवर प्रथिनांवर साखरेची पुटं चढतच आहेत. सीमाभागात कुणी ‘धातू काढायची सलाइन’ विकायला आला, तर हा निकाल त्याच्यासमोर ठेवावा.

आता मिनरल प्रोफाइलकडे वळू, कारण इथे चूक नळीतच होते. एचबीए१सीसाठी रक्त घेतात ती जांभळ्या झाकणाची नळी. तिच्या आतल्या भिंतीवर तेच ईडीटीए लावलेलं असतं. ते रक्तातलं कॅल्शियम पकडून ठेवतं, म्हणून रक्त गोठत नाही. जस्त आणि तांबंही ते असंच पकडतं. त्यामुळे साध्या जांभळ्या नळीतल्या रक्तावर जस्ताची रंगचाचणी केली तर आकडा विश्वासाचा राहत नाही. साध्या लाल नळीच्या रबरी बुचातून उलट जस्त पाझरून रक्तात येऊ शकतं. या कामासाठी गडद निळ्या झाकणाची, धातूमुक्त प्रमाणित नळी असते. ती महाग आहे आणि शिबिराच्या पेटीत सहसा नसते. याशिवाय लाल पेशींच्या आत जस्त रक्तद्रवापेक्षा कितीतरी पट जास्त असतं. सुई बारीक, शीर लहान, पिचकारी जोरात ओढली, नळी जीपमध्ये खडबडत आली, पेशी फुटल्या, की जस्त वाढलेलं दिसतं. रुग्ण जेवून आला असेल तर कमी दिसतं, अंगात ताप असेल तर आणखी कमी. तापात तांबं मात्र चढतं, कारण सेरुलोप्लाझ्मिन हे जळजळीबरोबर वाढणारं प्रथिन आहे.

सगळ्यात मोठा घोळ अल्ब्युमिनचा. तीन-चतुर्थांश जस्त अल्ब्युमिनवर बसून फिरत असेल, तर अल्ब्युमिन कमी झालं की जस्ताचा आकडा आपोआप उतरणार. मधुमेहाने मूत्रपिंड झिजलं की लघवीतून नेमकं अल्ब्युमिनच जातं. असा रुग्ण ‘झिंक कमी’ म्हणून गोळ्या घेत बसतो आणि खरी बातमी, म्हणजे मूत्रपिंड गळतंय, ही त्याला वर्षभराने पायावर सूज आल्यावर कळते. लघवीतल्या अल्ब्युमिनची चाचणी त्याला सुरुवातीलाच सांगू शकली असती. सकाळची पहिली लघवी घ्यावी आणि अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर पाहावं. ३० मिलिग्रॅम प्रतिग्रॅमच्या आत असेल तर ठीक; ३० ते ३०० म्हणजे गळती सुरू झाली. ताप, लघवीचा संसर्ग, पाळी किंवा आदल्या दिवशीची अंगमेहनत यांनी आकडा खोटा वाढतो, म्हणून तीन ते सहा महिन्यांत तीनदा पाहावं, त्यांत दोनदा जास्त आला तर धरावं. ऊसतोडीच्या हंगामात दिवसभर कोयता चालवलेल्या माणसाची लघवी दुसऱ्या सकाळी तपासून निकाल ठोकू नये.

तांब्याच्या तांब्याबद्दल न्यायाने बोललं पाहिजे. रात्रभर तांब्यात ठेवलेलं पाणी पिणं ही आपल्या घरांतली जुनी रीत आहे आणि तिच्यात तथ्य आहे. बंगळुरूच्या संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवलं की १६ तासांत जुलाबाचे जंतू त्या पाण्यात मरतात आणि पाण्यात उतरलेलं तांबं लिटरला जेमतेम १७७ मायक्रोग्रॅम भरतं. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला २ मिलिग्रॅम आहे, म्हणजे त्याच्या दहा पटींहून जास्त. पावसाळ्यात विहिरीचं पाणी गढूळ होणाऱ्या घरात हा तांब्या जरूर ठेवावा. फक्त तो पाण्यापुरता. आंबट काही घातलं की हिशेब बदलतो. ‘ताक कळकलं’ हे आजीला कळायचं ते चवीवरून आणि हिरवट कडेवरून; आम्लाने तांबं भराभरा विरघळतं, म्हणून तर कल्हई करायची. आता बाटलीत लिंबूपाणी, आवळ्याचा रस, मेथीच्या पाण्यात पिळलेलं लिंबू, अ‍ॅपल सायडर व्हिनेगर असं ‘शुगरसाठी’ भरून दिवसभर फिरतात. त्या बाटलीला आतून कल्हई नसते. मळमळ, उलट्या, पोटात कळा आल्या तर दोष मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीला दिला जातो आणि गोळी बंद होते. असं होऊ देऊ नये.

झिंकचं प्रकरण याहून गंभीर आहे. काही चाचण्यांत झिंक घेणाऱ्या मधुमेहींची उपाशीपोटीची साखर थोडी उतरलेली दिसली, हे मान्य. पण त्या बहुतेक लहान, थोड्या महिन्यांच्या, डोसही वेगवेगळे. त्यांच्या आधाराने आयुष्यभराची गोळी कुणाला लावता येत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार पुरुषाला दिवसाला १७ आणि स्त्रीला १३.२ मिलिग्रॅम जस्त पुरतं. बाजारातल्या अनेक गोळ्यांत ५० मिलिग्रॅम असतं. पाकिटावर कधी क्षाराचं वजन असतं, कधी निव्वळ जस्ताचं: २२० मिलिग्रॅम झिंक सल्फेट म्हणजे ५० मिलिग्रॅम जस्त. एवढं जस्त रोज पोटात गेलं की आतड्याच्या पेशी मेटॅलोथायोनीन नावाचं प्रथिन बनवू लागतात. ते जस्तापेक्षा तांब्याला घट्ट धरतं, आणि त्या पेशी झडल्या की तांबं शौचावाटे बाहेर जातं. विल्सनच्या आजारात, जिथे अंगात तांबं साचतं, डॉक्टर हाच गुण औषध म्हणून वापरतात. ज्याला तो आजार नाही, त्याला महिनोन्‌महिने असं केलं की तांब्याची खरी कमतरता येते. तिची लक्षणं काय? रक्तक्षय, पायांना मुंग्या, तळवे बधिर, चालताना तोल जाणं.

ही लक्षणं डोळ्यांसमोर आणा. मधुमेही माणसाच्या पायाला मुंग्या आल्या की सगळे म्हणतात, शुगरमुळे नसा गेल्या. बऱ्याचदा ते खरं असतं. पण मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत बी-१२ कमी पडून हेच होतं, आणि जास्तीच्या झिंकनेही हेच. तीन कारणं, चेहरा एकच. त्यांतली दोन भरून काढता येतात, वेळेत ओळखली तर. म्हणून मुंग्या आलेल्या प्रत्येक रुग्णाला पहिला प्रश्न हवा: मेडिकलमधून स्वतःहून आणून कुठल्या गोळ्या घेता? पिशवी आणून दाखवा. दुसरी गोष्ट बी-१२ची तपासणी. नसांचं टॉनिक त्यानंतर.

आता लोहाकडे येऊ. सीमाभागाच्या दृष्टीने माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. कर्नाटकात जवळपास निम्म्यांना. निपाणीकडे तंबाखूच्या वखारीत किंवा घरी विड्या वळत बसणारी, चिकोडी-अथणीच्या उसात भांगलणारी, खानापूरच्या भातशेतात रोप लावणारी बाई ही त्या निम्म्यांत असण्याची शक्यता मोठी. आणि लोहाच्या कमतरतेचा रक्तक्षय एचबीए१सीला खोटं चढवतो. नव्या लाल पेशी कमी तयार होतात, जुन्या जास्त दिवस फिरत राहतात, आणि जुन्या पेशीवर साखर जास्त दिवस चिकटत राहते. साखर तीच, आकडा मोठा.

समजा अशा एका बाईचं हिमोग्लोबिन ८.५ आहे आणि शिबिरात एचबीए१सी ६.६ आलं. ६.५ च्या वर म्हणजे मधुमेह, असा शिक्का बसतो. गोळी सुरू, घरात गोडाबरोबर भाकरीवरही बंदी, रक्तक्षय तसाच. उपाशीपोटीची साखर पाहिली असती तर कदाचित ९६ निघाली असती. पुढे कुणी लोहाच्या गोळ्या दिल्या की नव्या पेशी येतात आणि एचबीए१सी ६.० वर उतरतं. श्रेय मिळतं मधुमेहाच्या गोळीला. उलटही होतं. नुकतंच बाळंतपणात रक्त गेलं, रक्त चढवलं, किंवा मूत्रपिंडाच्या आजारात डायलिसिस आणि रक्तवाढीची इंजेक्शनं चालू आहेत, तर पेशी तरुण असतात आणि एचबीए१सी खोटं उतरतं. खरोखर २५० साखर असलेला माणूस ७.१ घेऊन समाधानाने घरी जातो.

‘तपासण्या वाढवा म्हणणं सोपं आहे, पैसा कोण देणार?’ हा आक्षेप येणारच. त्याचं उत्तर त्या जांभळ्या नळीतच आहे. एचबीए१सी आणि हिमोग्लोबिन, पेशींच्या आकारासकट, एकाच ईडीटीए नळीतून होतात. दुसरी सुई नको, दुसरी नळी नको. दोन मिलिलिटर रक्तात दोन्ही भागतं. पेशी मोजण्याचं यंत्र तालुका रुग्णालयांत असतंच. हिमोग्लोबिन स्त्रीमध्ये १२ च्या खाली, पुरुषात १३ च्या खाली आणि पेशींचा आकार ८० च्या खाली आला, आणि एचबीए१सी ६ ते ७ च्या दरम्यान असेल, तर मधुमेहाचा शिक्का मारायचा नाही. आठ तास उपाशी ठेवून एकदा आणि ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी एकदा साखर बघायची. १२६ आणि २०० या सीमा. गर्भवतीला वेगळ्या सीमा लागतात, तिचा निर्णय डॉक्टरवर सोडावा. ज्याच्या रक्ताचा भरवसाच नाही, त्याला साखर चिकटलेल्या अल्ब्युमिनची चाचणी उपयोगी. पण लघवीतून अल्ब्युमिन ढिगाने जात असेल तर तीही फसवते, कारण प्रथिन रक्तात टिकतच नाही.

इथे शिबिरवाल्यांची एक अडचण खरी आहे, ती नाकारू नये. कणकुंबी-जांबोटीकडच्या गावातून रक्ताची नळी बेळगावला पोहोचेपर्यंत अर्धा दिवस जातो, पावसाळ्यात त्याहून जास्त. साध्या नळीत पेशी साखर खात राहतात. तासाला पाच ते सात टक्के साखर घटते, उन्हात आणखी. सकाळी १४० असलेली साखर दुपारी १०५ होऊन लॅबमध्ये पोहोचते आणि रुग्ण ‘नॉर्मल’ ठरतो. म्हणून साखरेसाठी राखाडी झाकणाची फ्लोराइडची नळी हवी, तीही भरल्यावर हलक्या हाताने आठ-दहा वेळा उलटसुलट करून, बर्फाच्या डब्यात. फ्लोराइडचा परिणाम व्हायला तास-दोन तास लागतात, तोवर बर्फच राखतो. एचबीए१सी या प्रवासात टिकतं, उपाशी राहण्याचीही गरज नसते, म्हणूनच शिबिरांना ते सोयीचं वाटतं. सोयीचं आहे, वापराही. सोबतीला हिमोग्लोबिन असू द्या, एवढंच मागणं आहे.

राहिली भाषेची गोष्ट. अहवाल इंग्रजीत, सरकारी कार्ड कन्नडमध्ये, आणि रुग्ण घरी मराठी वाचणारा. बैलहोंगलच्या कन्नड बाईची अडचण याहून वेगळी नाही. तिलाही तो इंग्रजी अहवाल परकाच. सीमाप्रश्नाचं जे व्हायचं ते होईल, न्यायालयात आणि राजकारणात. साखरेचा अहवाल त्याच्यासाठी थांबून राहू शकत नाही. लॅबच्या संगणकात शेऱ्याची ओळ एकदाच भरायची असते, आणि ती दोन्ही लिपींत छापायला एक थेंब शाई जास्त लागेल. शेरा कसा असावा, तोही लिहून देतो, कुणालाही उचलता येईल असा:

‘तुमच्या रक्तात लोह कमी असण्याची शक्यता आहे. त्यामुळे एचबीए१सीचा आकडा खऱ्यापेक्षा मोठा दिसू शकतो. मधुमेह ठरवण्याआधी उपाशीपोटी आणि ग्लुकोज पिऊन दोन तासांनी साखर तपासा. आधीपासून मधुमेहाची गोळी चालू असेल तर ती स्वतःहून बंद करू नका. झिंकची किंवा इतर धातूंची गोळी डॉक्टरांना दाखवल्याशिवाय घेऊ नका. पुढच्या वेळी सकाळची पहिली लघवी स्वच्छ बाटलीत घेऊन या.’